प्रेताच्या राखणीला कोण बसलं होतं?

रहस्यकथा वाचतो म्हटलं की आपल्यातलेच कार्यकर्ते नाक मुरडतात. 'मोर्चे, बैठका, केसेस एवढं पडलंय आणि हा खुनाच्या गोष्टी वाचत बसलाय!' साहित्यातली मंडळी त्याहून पुढं. त्यांच्या लेखी रहस्यकथा म्हणजे एस्टी स्टँडवर विकत घ्यायची आणि उतरताना सीटवर टाकून यायची चीज. कवितेला समीक्षक आहेत, आत्मकथनाला आहेत, नाटकाला आहेत. रहस्यकथेला फक्त वाचक. आणि वाचक तरी किती! बाबूराव अर्नाळकर या एका माणसानं हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळापहाड ही नावं चाळीचाळीत पाठ होती. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या अशा पुस्तकांवर चालल्या. ज्या पुस्तकांवर माणसं अशी तुटून पडतात त्यांत आहे तरी काय, हे आपण बघायचं नाही तर कुणी बघायचं?

म्हणून गेले काही महिने मी ठरवून हेच वाचतोय. आधी मराठी, मग डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

जुन्या हेरकथेचा सांगाडा एकच. एक शांत घर असतं. बहुधा मोठ्ठं. त्यात खून पडतो. हेर येतो, राखेचा कण बघतो, बुटाचा ठसा मोजतो. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुन्याकडं बोट दाखवतो. खुन्याला नेतात आणि घर पुन्हा शांत. वाचक निवांत झोपतो. आता आपण एक साधा प्रश्न विचारू. खून पडायच्या आधी ते घर खरंच शांत होतं काय? मोरीत भांडी घासणारी, अंगण झाडणारी, मागच्या दारानं येणारी माणसं त्या शांततेत होती की नव्हती? हेरकथा त्यांना धरते ती दोनच कामांना. एक तर त्यांनी प्रेत बघून किंकाळी फोडायची, नाही तर त्यांच्यावर पहिला संशय घ्यायचा.

मराठीतही निराळं नाही. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद असे नायक दिले. गडी लिहायचा झकास, पान सोडवत नाही. पण नायकांची आडनावं बघा. पटवर्धन आला, इराणी आला. माझ्या वाचनात कांबळे हेर आला नाही. गायकवाड, भोसले पारधी तर नाहीच नाही. गुन्हा शोधायची अक्कल कुणाकडं असते आणि गुन्हा करायची खोड कुणाच्या रक्तात असते, याची वाटणी आपल्याकडं गोष्ट सुरू व्हायच्या आधीच झालेली असते.

ही वाटणी कल्पनेतली नाही, कायद्यातली आहे. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मला की गुन्हेगार. हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. पुढं सोलापूरसारख्या ठिकाणी या लोकांच्या सेटलमेंटी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, कायदा गेला. शिक्का गेला नाही. तो कसा गेला नाही हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) वाचा.

गंमत पुढं आहे. हेरकथेचं लाडकं हत्यार म्हणजे बोटाचा ठसा. ते सिद्ध झालं इथं, हिंदुस्थानात. १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांची मेहनत. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, हेन्री. १९०१ साली ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. म्हणजे ठसे उमटवून घ्यायला आधी बोटं आमची, डोकं चालवलं तेही इथल्या माणसांनी, आणि हेरगिरीचा मान गेला बेकर स्ट्रीटवर. त्या बेकर स्ट्रीटच्या शेरलॉक होम्सची 'द साइन ऑफ द फोर' ही कादंबरी १८९० ची. तिच्यात टोंगा नावाचा अंदमानचा आदिवासी आहे. ठेंगू, कुरूप, विषारी काटे फुंकून मारणारा. होम्स पुस्तक उघडून त्याच्या जमातीचं वर्णन वाचतो आणि गुन्हेगार तिथंच ठरतो. अकलेचा बादशहा म्हणवणारा होम्स इथं अक्कल वापरत नाही. तो फौजदारासारखा जमातीचं रजिस्टर उघडतो.

एवढं वाचल्यावर ही पुस्तकं भिरकावून द्यावीशी वाटतात. पण थांबा. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मधला विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आठवा. गावच्या विहिरीत प्रेत. पोलीस येईपर्यंत राखणीला बसायचं तराळकी करणाऱ्या बापानं. प्रेत बाहेर काढायला विहिरीत उतरायचंही त्यानंच. उपाशीपोटी, जिवावर उदार होऊन. खुनाच्या गोष्टीत प्रेत सापडतं आणि दुसऱ्या पानावर हेर हजर होतो. मधली रात्र कुठं गेली? त्या रात्री प्रेतापाशी कोण बसलं होतं? आपले आजे-पणजे बसले होते. ही महारकीतली कामं. वाट कुठली, पाऊल कुणाचं, प्रेत कसं पडलं होतं, रात्री कोण येऊन बघून गेलं, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण पंचनाम्यात पंच म्हणून सही दुसऱ्याची. बघणारा एक आणि लिहिणारा दुसरा. मला वाटतं, आपल्या बाजूची गुन्ह्याची गोष्ट इथून सुरू होते.

हा राखणीवरचा माणूस स्वतःच हेर झाला तर? अशी मराठी कादंबरी मला अजून भेटली नाही. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी मात्र ती लिहून ठेवली आहे. १९७२ साली मुंबईत ज्यांनी पँथर हे नाव घेतलं त्यांनी ते काळ्यांच्या चळवळीकडं बघूनच घेतलं होतं. त्यांच्या कविता आपण वाचल्या, आत्मकथा वाचल्या. त्यांच्या खुनाच्या गोष्टी वाचायच्या राहिल्या.

पहिला चेस्टर हाइम्स. जन्म १९०९. एकोणीस वर्षांचा असताना सशस्त्र दरोड्यात सापडला, वीस ते पंचवीस वर्षांची सजा झाली. ओहायोच्या तुरुंगात १९३० साली आग लागली, तीनशेच्या वर कैदी कोंडून मेले. हा ते डोळ्यांनी बघत होता. तिथंच लिहायला लागला. १९३६ साली बाहेर आला, कादंबऱ्या लिहिल्या, पोट भरेना. शेवटी देश सोडून फ्रान्सला गेला. पॅरिसच्या एका संपादकानं त्याला सांगितलं, हेरकथा लिही. १९५७ साली पहिली आली. ती 'अ रेज इन हार्लेम' या नावानं मिळते. पुढच्याच वर्षी तिला फ्रान्सचा रहस्यकथेचा मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्याला समाजानं गुन्हेगार म्हणून गजाआड टाकलं तो गुन्ह्याची गोष्ट सांगायला बसला. होम्स लिहिला तो एका डॉक्टरानं. फरक पडणारच.

गोष्ट न्यूयॉर्कच्या हार्लेममधली, काळ्यांच्या वस्तीतली. जॅक्सन नावाचा भोळा गडी मयताचं सामान आणि अंत्यविधी बघणाऱ्या दुकानात कामाला. त्याला टोळी गाठते. दहाची नोट भट्टीत घालून शंभराची करून देतो म्हणते. जॅक्सन पंधराशे डॉलर घालवून बसतो. 'पैसे डबल' वाले आपल्या वस्तीला नवे आहेत काय? त्याचा जुळा भाऊ तर नन बनून, डोक्याला फडकं बांधून स्वर्गाची तिकिटं विकतो! हसून हसून पुरेवाट होते आणि मग हसू घशात अडकतं. हाइम्सचे दोन पोलीस, कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर, दोघंही काळे. नावंच शवपेटी आणि कबरखोद्या. हे दोघं गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काळ्या वस्तीत बंदोबस्त ठेवतात. साहेबाचा विश्वास नाही आणि वस्तीचाही नाही. कॉफिन एडच्या तोंडावर ॲसिड पडतं ते एका काळ्याच गुंडाकडून.

'कॉटन कम्स टू हार्लेम' (१९६५) तर प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावी. एक रेव्हरंड सभा भरवतो. चला, आपल्या आफ्रिकेला परत जाऊ! सत्त्याऐंशी गरीब कुटुंबं प्रत्येकी हजार डॉलर मोजतात. पोटाला चिमटा काढून ठेवलेली ती कमाई. रेव्हरंड चोर निघतो. त्याच्यावर दरोडा घालणारे आणखी चोर निघतात. पैसा कापसाच्या गाठीत दडून गावभर फिरतो. आणि समोर दक्षिणेतला एक गोरा कर्नल दुकान मांडून बसलाय, काळ्यांनो, कापूस वेचायला परत या म्हणून. शत्रू बाहेरचा आहेच. पण समाजाच्या स्वप्नाचं पावतीपुस्तक छापणारा आपलाच आहे, हे हाइम्स डोळ्याला डोळा भिडवून सांगतो. कवितेत हे सांगताना आपली जीभ अडखळते, कारण कविता स्टेजवर म्हणायची असते आणि स्टेजवर पुढारी बसलेला असतो. गुन्ह्याच्या गोष्टीला तसली अडचण नाही. पैसा कुठून आला आणि कुठं गेला, हे विचारणं हा तिचा धंदाच आहे.

शेवट कसा होतो बघा. खुनाचा पुरावा हातात असूनही ते दोघं कर्नलला सोडतात. अट एकच, सत्त्याऐंशी हजार मोज. पैसे कुटुंबांना परत जातात. त्यांना ठाऊक असतं की गोऱ्या कर्नलला काळ्याच्या खुनासाठी फाशी होणार नाही. त्याचं राज्य त्याला ताब्यात द्यायलाही नकार देतं. हा न्याय झाला काय? नाही. पण कायद्याकडं एवढासुद्धा शिल्लक नव्हता. जुन्या हेरकथेत शेवटच्या पानावर कायदा जिंकतो. हाइम्सच्या शेवटच्या पानावर कायद्याची किंमत कळते.

आणि 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' (१९६९). इथं तर खुनाचा उलगडाच होत नाही. एकेका पुढाऱ्याचे मोर्चे एकमेकांवर आदळतात, दंगल पेटते. शेवटी एक आंधळा, आंधळेपण कबूल न करणारा, रेल्वेत चिडून पिस्तूल काढतो. निशाणा एकावर, गोळी दुसऱ्यालाच. संताप खरा, कारण खरं, पण नेम नाही. ज्यांना बदल्याच्या गोष्टी फार आवडतात, झुंजार आला आणि चार मुडदे पाडून गेला की ज्यांना बरं वाटतं, त्यांनी हे पुस्तक उशाशी ठेवावं.

हाइम्सला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. त्याच्या बायका बघा. उजळ रंगाच्या, नादी लावणाऱ्या, दगा देणाऱ्या. त्याचे पोलीस त्यांनाही थोबाडीत मारतात आणि लेखकाला त्यात वावगं वाटत नाही. काळ्या बाईची बाजू त्याला दिसली नाही. आपल्या लिहिणाऱ्यांनी ही खोड उचलू नये. आपल्यात ती आधीच पुरेशी आहे.

दुसरा वॉल्टर मोस्ली. 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस', १९९० ची. काळ १९४८, गाव लॉस एंजेलिस. ईझी रॉलिन्स महायुद्धात लढून आलेला. विमानाच्या कारखान्यातून काढलेला. स्वतःचं छोटं घर आहे, त्याचा हप्ता भरायचाय. एक गोरा येतो, एका गोऱ्या बाईला शोधून दे म्हणतो. ती काळ्यांच्या गुत्त्यांवर जाते आणि गोऱ्याला तिथं कुणी काही सांगणार नाही. ईझीची लायकी काय? वस्तीत शिरता येतं, ही. त्याच्या हेरगिरीत भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. बसायचं, प्यायचं, ऐकायचं. आणि कादंबरीतलं खरं गूढ खून नाहीच. ती गोरी बाई गोरी नाही, हे गूढ. तिनं रंग लपवलाय, नाव बदललंय. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाचं नाव १९६३ सालीच छापलं गेलं. चोरी हा शब्द बागुलांनी किती जाणून वापरला बघा! ज्या समाजात जात लपवणं ही चोरी आणि जात विचारणं ही सभ्यता, तिथं खरा गुन्हेगार कोण, हे एका नावात आलं. भाड्यानं खोली घेताना आडनाव गिळणाऱ्या पोरांना मोस्लीची ही बाई समजावून सांगावी लागणार नाही.

आता अलीकडचे दोघं. ॲटिका लॉक ही काळी लेखिका टेक्ससची. तिची 'ब्लूबर्ड, ब्लूबर्ड' २०१७ ची. एका लहान गावात ओढ्याच्या पाण्यात दोन प्रेतं सापडतात. आधी काळ्या वकिलाचं, मग गोऱ्या बाईचं. काळा पोलीस अधिकारी डॅरेन मॅथ्यूज इथंच अडखळतो. दक्षिणेतला रिवाज उलटा आहे. आधी गोरी बाई मरते, मग तिच्या नावानं काळ्याचा जीव घेतात. इथं क्रम का बदलला? नुसता क्रम! ना ठसा, ना राख. पण हा क्रम त्यालाच दिसतो ज्याच्या आजोबांनी तो भोगलाय. याला म्हणतात आपल्या बाजूची नजर.

एस. ए. कॉस्बीच्या 'ऑल द सिनर्स ब्लीड' (२०२३) मध्ये व्हर्जिनियातल्या एका काउंटीचा पहिला काळा शेरीफ टायटस क्राउन आहे. शाळेत एक काळा पोरगा लोकप्रिय गोऱ्या मास्तरला गोळी घालतो, पोलीस त्या पोराला टिपतात. गाव म्हणतं, केस संपली. टायटस विचारतो, पोरानं मास्तरलाच का मारलं? आणि मास्तरच्या फोनमधून मेलेली काळी लेकरं बाहेर येतात. त्यांच्या हरवण्याचा तपास कुणी केलाच नव्हता. पहिला अर्धा भाग जबरदस्त. खाकीत गेलेल्या आपल्या माणसाची दोन्हीकडची ओढाताण वाचावी ती इथं. पुढं मात्र कॉस्बी घसरतो. खुनी एक राक्षस निघतो, मुखवटा घालणारा, बायबलची वचनं कोरणारा. राक्षस सापडला की गाव सुटलं. ज्या गावानं लेकरं हरवल्याची दखल घेतली नाही ते गाव आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून प्रेक्षकांत जाऊन बसतं. वाचकाला बरं वाटतं. मला नाही वाटलं.

दोस्तांनो, या सगळ्यातून आपल्याला काय घ्यायचंय? अर्नाळकरांपासून होम्सपर्यंत सगळे विचारतात, कुणी मारलं? आपल्याकडं हा प्रश्नच फिजूल असतो. कुणी मारलं हे गावाला ठाऊक असतं. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. एका घरातले चार जीव. खुनी शोधायला होम्स लागणार होता काय? भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची जन्मठेप केली, ॲट्रॉसिटी तेव्हाही लागली नाही. म्हणजे खून झाला, खुनी सापडले, आणि कशासाठी मारलं ते कागदावर उरलंच नाही. हेरकथेत ज्याला हेतू म्हणतात, जो शेवटच्या प्रकरणात उघडा पडतो, तेच प्रकरण आमच्या फायलीतून फाडलेलं असतं. खर्ड्याचं तर त्याहून वाईट. २०१४ साली शाळकरी पोराला दिवसाढवळ्या संपवलं. साक्षीदार फितूर झाले, २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले.

तेव्हा आपल्या रहस्यकथेचे प्रश्न वेगळे. हेतू कुणी खोडला? पहिल्या जबाबात काय होतं आणि दुसऱ्यात काय आलं? साक्षीदार कधी फुटला, त्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाऊन आलं? पंच कुठल्या आळीचे? १९८९ चा कायदा आणि १९९५ चे नियम सांगतात की तपास डीवायएसपीच्या खालच्या माणसानं करायचा नाही. मग जबाब कुणी लिहून घेतले? हे प्रश्न कार्यकर्ता रोज ठाण्यात उभा राहून विचारतो. म्हणजे तो हेरच आहे. फक्त त्याची गोष्ट कुणी लिहिली नाही.

आत्मकथनानं आपल्याला 'मी काय भोगलं' सांगायला शिकवलं. मोठं काम झालं. पण भोगलेलं सांगितलं की समोरचा हळहळतो आणि पान उलटतो. गुन्ह्याची गोष्ट वाचकाला हळहळायला सवड देत नाही. ती त्याला तपासात ओढते, कागद दाखवते, कोण खोटं बोलतंय ओळख म्हणते. हाइम्सनं तुरुंगातून बाहेर येऊन हे केलं, मोस्लीनं गुत्त्यात बसवून केलं, लॉकनं दोन प्रेतांच्या क्रमावरून केलं. आपल्याकडं सामान कमी नाही. राखणीला बसलेला तराळ आहे, हजेरीला उभा केलेला पारधी आहे, खाकीतला पोरगा आहे, फुटलेला साक्षीदार आहे, पावतीपुस्तकवालाही आहे.

कुणीतरी लिहायला बसा. सुरुवात त्या मधल्या रात्रीपासून करा, पोलीस यायच्या आधीपासून. पुढच्या अंकात जागा ठेवतो. आणि एक करा, हेराचं आडनाव लपवू नका.